रिपोर्टमधला आकडा आणि तुमचा थकवा

प्रश्न : माझं वय ४९. दीड वर्षापासून पाळीचं काही खरं राहिलेलं नाही. कधी दोन-दोन महिने येत नाही आणि आली की नऊ-दहा दिवस अंगावरून जातं, गाठीही पडतात. रात्री अचानक छातीपासून डोक्यापर्यंत गरम लाट येते, घामाने कपडे भिजतात आणि मग झोप उडते ती उडतेच. दिवसा अंगात त्राण नसतं, जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, केस खूप गळतात. एका वेलनेस सेंटरमध्ये रक्त तपासलं, तेव्हा ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस फार वाढलाय’ असा रिपोर्ट आला. इस्ट्रोजेन कमी झाल्यामुळे शरीर आतून गंजतंय, असं त्यांनी सांगितलं. सहा महिन्यांचा कोर्स सुचवलाय : जास्त मात्रेचं व्हिटॅमिन ई आणि सी, केसांसाठी बायोटिन, ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आणि दर आठवड्याला ग्लुटाथिओनचं सलाइन. बायोटिन मी सुरूही केलंय. घरचे म्हणतात, या वयात असं व्हायचंच. बहीण म्हणते, हार्मोनच्या गोळ्या घेतल्यास तर कॅन्सर होईल. माझ्या आईचं ६६व्या वर्षी साध्या घसरण्याने खुब्याचं हाड मोडलं होतं, त्यामुळे भीती जास्तच वाटते. कोर्स पूर्ण करू का?

उत्तर :

ताई, कोर्स पुढे नेऊ नका आणि बायोटिनही थांबवा. त्याआधीचं काम म्हणजे याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घ्या. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच वाक्य : नऊ-दहा दिवस अंगावरून जातं आणि गाठी पडतात. त्या रिपोर्टच्या गडबडीत याकडे कुणाचंच लक्ष गेलेलं नाही, आणि याचंच मला वाईट वाटतं.

पाळी जाण्याच्या काळात चक्र पुढे-मागे होतं, हे खरं. पण पंचेचाळिशीनंतर इतका आणि इतके दिवस रक्तस्राव होत असेल तर ‘व्हायचंच’ म्हणून सोडून देता येत नाही. बीजकोशातून बीज वेळेवर सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, इस्ट्रोजेनचा परिणाम एकतर्फी चालू राहतो, गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं आणि मग एकदम, भरपूर, तुकड्यातुकड्यांनी निघतं. बहुतेक वेळा कारण हेच असतं. गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी किंवा पॉलिप हेही नेहमी आढळतं. क्वचित अस्तरात कॅन्सरच्या आधीचे बदल किंवा कॅन्सर असतो आणि तो सुरुवातीला सापडला तर उपचार चांगले होतात. म्हणून सोनोग्राफी करतात आणि तुमच्या वयात अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासायला पाठवण्याचा सल्लाही बरेचदा देतात. ती तपासणी काही मिनिटांची असते. थोडं दुखतं, कळ येते, पण त्यातून नक्की उत्तर मिळतं. तुमच्या डॉक्टरांनी सुचवली तर टाळू नका. आणि तासाला एक पॅड भिजतंय असं दोन-तीन तास चाललं, किंवा चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, तर वेळ घेण्याची वाट न बघता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आता तुमचा थकवा. धाप, धडधड, गळून जाणं, केस गळणं या चारही गोष्टी एका ओळीत लिहिल्यावर माझ्या डोक्यात पहिलं नाव आलं ते लोहाच्या कमतरतेचं. दीड वर्ष असा रक्तस्राव होत असेल तर शरीरातला लोहाचा साठा संपत आलेला असण्याची शक्यता मोठी आहे. हिमोग्लोबिन तपासाच, पण त्यासोबत फेरिटिनही तपासून घ्या. हिमोग्लोबिन अजून ठीकठाक असतानाही साठा रिकामा झालेला असू शकतो आणि तो फेरिटिनमध्ये दिसतो. कमतरता निघाली तर लोहाची औषधं काही महिने घ्यावी लागतात. रक्तस्राव आटोक्यात आणला नाही तर तीही वाया जातात, म्हणून दोन्ही कामं बरोबरच करायची.

इथे त्या सेंटरच्या विषयाशी थेट जोडलेली एक गोष्ट सांगते. लोह हे ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसच्या, म्हणजे ऑक्सिजनपासून बनणाऱ्या प्रखर कणांच्या शरीरावरच्या ताणाच्या, रसायनातलं एक मुख्य पात्र आहे. पेशींमध्ये हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होत असतं. मोकळं लोह त्याच्या संपर्कात आलं की हायड्रॉक्सिल रॅडिकल नावाचा अत्यंत आक्रमक कण तयार होतो आणि तो आजूबाजूच्या चरबीची, प्रथिनांची, डीएनएची मोडतोड करतो. पाळी असेपर्यंत दर महिन्याला लोह बाहेर जातं, पाळी गेल्यावर ते साठू लागतं. म्हणूनच अमेरिकेतल्या शिफारशींत स्त्रियांची रोजची लोहाची गरज पन्नाशीपर्यंत १८ मिलिग्रॅम आणि एक्कावन्नाव्या वर्षापासून ८ मिलिग्रॅम धरली आहे. तुम्हाला आज बहुधा लोह हवं आहे. तीनेक वर्षांनी, पाळी पूर्ण बंद झाल्यावर, कमतरता नसताना लोह असलेली मल्टिव्हिटॅमिनची गोळी तुम्ही घ्यायची गरज राहणार नाही. त्याच बाईला एका वयात जे औषध आहे ते दुसऱ्या वयात नको असतं. ‘ऑक्सिडेशन वाईट, त्यामुळे सगळ्यांनी अमुक घ्या’ हे सूत्र इथेच कोलमडतं.

आता गंजण्याबद्दल बोलते, कारण हा शब्द तुमच्या मनात घर करून बसलाय हे पत्र वाचताना जाणवलं. लोखंड गंजतं तेव्हा त्याला कुणी आतून दुरुस्त करत नाही. तुमच्या पेशी मात्र क्षणोक्षणी दुरुस्ती करत असतात. आपण श्वासातून घेतलेला ऑक्सिजन पेशींमधल्या मायटोकाँड्रियात वापरला जातो. ऊर्जा तयार होताना त्यातला थोडा भाग निसटतो आणि सुपरऑक्साइडसारखे प्रखर कण बनतात. हे जन्मापासून चालू आहे. त्यांना निकामी करणारी सुपरऑक्साइड डिसम्युटेज, कॅटालेज, ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेज अशी एन्झाइम्स शरीर स्वतः बनवतं. तयार होणारे कण आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचा तोल कणांच्या बाजूला झुकला की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ हेल्मुट झीस यांनी ही संकल्पना १९८५ मध्ये मांडली. हे कण सगळे शत्रूच असतात असंही नाही. पांढऱ्या पेशी याच कणांनी जंतू मारतात आणि स्नायूंना ‘व्यायाम झाला, आता बळकट व्हा’ हा निरोपही काही अंशी हेच कण पोहोचवतात.

इस्ट्रोजेनचा याच्याशी संबंध आहे, त्या सेंटरने हे खोटं सांगितलेलं नाही. इस्ट्रोजेन पेशींतल्या आपल्या रिसेप्टरला चिकटून या रक्षक एन्झाइम्सची निर्मिती वाढवायला मदत करतं. रक्तवाहिन्यांच्या अस्तरात ते नायट्रिक ऑक्साइड बनवायला लावतं, त्यामुळे वाहिन्या सैल आणि लवचिक राहतात. इस्ट्रोजेन उतरलं की नायट्रिक ऑक्साइड कमी बनतं आणि जे बनतं त्यातलं काही सुपरऑक्साइडशी संयोग पावून वाया जातं. पाळी बंद होण्याच्या आसपासच्या वर्षांत एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ म्हणतात ते, कोलेस्टेरॉलही वाढतं आणि ऑक्सिडाइझ झालेलं एलडीएल वाहिन्यांच्या भिंतीत जास्त त्रास देतं. हाडांचंही तसंच. उंदरांवरच्या प्रयोगांत बीजकोश काढल्यावर अस्थिमज्जेतलं ग्लुटाथिओन (हे कण आवरणारा, शरीर स्वतःच बनवतं असा पदार्थ) घटलं आणि हाड झिजवणाऱ्या पेशींना जोर आला. म्हणजे या वयात स्त्रीच्या हृदयाकडे आणि हाडांकडे जास्त लक्ष द्यायला हवं, हे या विज्ञानातून निघणारं खरं आणि महत्त्वाचं तात्पर्य आहे.

पण यातून ‘मग अँटिऑक्सिडंटची, म्हणजे हे कण आवरणाऱ्या व्हिटॅमिन ई-सीसारख्या पदार्थांची, गोळी घ्या’ हे निघत नाही. ही पायरी तर्काने बरोबर वाटते, म्हणूनच ती मोठ्या प्रमाणावर तपासली गेली. अमेरिकेतल्या विमेन्स हेल्थ स्टडीमध्ये ४५ आणि त्यावरील वयाच्या ३९,८७६ निरोगी स्त्रियांना सुमारे दहा वर्षं एक दिवसाआड ६०० युनिट व्हिटॅमिन ई किंवा नकली गोळी दिली गेली. २००५ मध्ये निकाल आला : हृदयविकार, पक्षाघात आणि कॅन्सर यांच्यापासून एकंदरीत संरक्षण मिळालं नाही. दुसऱ्या अभ्यासात हृदयविकाराचा धोका आधीच जास्त असलेल्या ८,१७१ स्त्रियांना नऊ वर्षांहून अधिक काळ व्हिटॅमिन सी, ई आणि बीटा कॅरोटीन (आणखी एक अँटिऑक्सिडंट) दिलं. २००७चा तो निकालही तसाच. त्याआधी फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना बीटा कॅरोटीन दिलं, तेव्हा १९९४ मध्ये असं दिसलं की त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त झाला. अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवांच्या तज्ज्ञगटाने २०२२ मध्ये कॅन्सर आणि हृदयविकार टाळण्यासाठी व्हिटॅमिन ई आणि बीटा कॅरोटीन घेऊ नये असं स्पष्ट सांगितलं आहे. दहा-दहा वर्षं हजारो बायकांनी सहभाग दिला तेव्हा हे कळलंय. त्यांच्या त्या दशकाची किंमत राखायची तर हा निकाल लपवून कुणालाही कोर्स विकू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक २००९चा छोटा अभ्यास मला फार बोलका वाटतो. तरुण पुरुषांना चार आठवडे व्यायाम करायला लावला आणि अर्ध्यांना रोज १००० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी आणि ४०० युनिट ई दिलं. व्यायामाने इन्शुलिनचा परिणाम सुधारतो, तो फायदा गोळ्या घेणाऱ्यांमध्ये दिसला नाही. व्यायामातून निघणारे ते प्रखर कणच शरीराला स्वतःची संरक्षक एन्झाइम्स वाढवायला सांगत होते आणि गोळ्यांनी तो निरोप पुसला. अभ्यास लहान होता आणि स्त्रियांवर नव्हता, हे लक्षात ठेवूनही ‘जितके जास्त अँटिऑक्सिडंट तितकं चांगलं’ हा समज सोडायला तो पुरेसा आहे.

तुमच्या रिपोर्टबद्दल. एकूण अँटिऑक्सिडंट क्षमता, एमडीए (चरबीच्या मोडतोडीतून बनणारा पदार्थ) अशा चाचण्या संशोधनात वापरतात. पण अमुक आकड्याच्या वर उपचार करा आणि अमुक आकड्याच्या खाली आणा, अशी सर्वमान्य रेषा कुणीही आखलेली नाही. त्या दिवशीचं खाणं, आदल्या दिवशीचा व्यायाम, नमुना कसा ठेवला यानेही आकडा हलतो. गंमत बघा, रक्तातल्या एकूण अँटिऑक्सिडंट क्षमतेत यूरिक अॅसिडचा मोठा वाटा असतो, म्हणजे यूरिक अॅसिड वाढलेल्या माणसाचा रिपोर्ट ‘उत्तम’ येऊ शकतो. त्या कागदावरून तुमचा थकवा कशामुळे आहे हे कळत नाही. तो फाइलमध्ये ठेवा आणि त्याच्यावर झोप घालवू नका.

सुचवलेल्या गोळ्यांपैकी काही निव्वळ निरुपयोगी नाहीत, त्रास देऊ शकतात. व्हिटॅमिन ई जास्त मात्रेत रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणू शकतं. आधीच इतका रक्तस्राव होणाऱ्या बाईला ते द्यावं हे मला पटतच नाही. ग्रीन टीचा अर्क एकवटलेल्या कॅप्सूलच्या रूपात घेतल्यावर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. कपभर चहा पिण्याशी त्याची तुलना नको. ग्लुटाथिओनच्या सलाइनने रजोनिवृत्तीच्या तक्रारी बऱ्या होतात याला भरवशाचा पुरावा नाही आणि शिरेत दर आठवड्याला सुई जाणं ही काही किरकोळ बाब नव्हे. बायोटिनचं वेगळंच आहे. ते स्वतः फारसं अपाय करत नाही, पण रक्ताच्या अनेक चाचण्यांच्या पद्धतीत ढवळाढवळ करतं. टीएसएच (थायरॉइडला काम करायला सांगणारं हार्मोन) खोटं कमी आणि थायरॉइडचे हार्मोन खोटे जास्त दिसतात, म्हणजे थायरॉइड वाढल्याचा खोटा रिपोर्ट येतो. घाम, धडधड, केस गळणं ही लक्षणंही थायरॉइड वाढल्यावर होतात, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो खोटा रिपोर्ट अगदी खरा वाटेल आणि नको ते औषध सुरू होईल. थायरॉइड तपासायलाच हवं, पण बायोटिन बंद करून आणि किती दिवसांनी रक्त द्यायचं ते प्रयोगशाळेला विचारून.

रात्रीच्या त्या गरम लाटांबद्दल तुम्ही फार कमी लिहिलंय, पण झोप जाणं हा लहान त्रास नाही. या लाटा मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमधून येतात. तिथल्या काही चेतापेशींना इस्ट्रोजेनचा लगाम असतो. तो सुटला की त्या अति उत्तेजित होतात, शरीराचं तापमान सांभाळणारं केंद्र जरा जरी ऊब वाढली तरी ‘फार गरम झालं’ असं समजतं आणि घाम सोडतं. काही अभ्यासांत लाटांचा आणि ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेसचा संबंध दिसतो, काहींत दिसत नाही. १९९८ मध्ये व्हिटॅमिन ईचा लाटांवर प्रयोग झाला, तेव्हा नकली गोळीपेक्षा दिवसाला जेमतेम एक लाट कमी झाली. अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत वारंवार लाटा येणाऱ्या निम्म्या स्त्रियांना हा त्रास ७.४ वर्षांहून जास्त काळ राहिला, त्यामुळे ‘सहन कर, जाईल’ हा सल्ला मी देणार नाही.

सगळ्यात परिणामकारक उपचार हार्मोनचाच आहे. तुमच्या बहिणीची भीती कुठून आली ते मला माहीत आहे : २००२ मध्ये अमेरिकेतला हार्मोन उपचारांचा एक मोठा अभ्यास मध्येच थांबवला गेला आणि जगभर बातम्या झाल्या. त्या अभ्यासातल्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं. दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांमध्ये वर्षाला दर दहा हजारांमागे स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे आठ केसेस जास्त झाल्या. धोका आहे, पण तो एवढा आहे. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, लक्षणं त्रासदायक असलेल्या निरोगी स्त्रीसाठी फायदा बहुधा धोक्यापेक्षा जास्त ठरतो. गर्भाशय असल्यास इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉन घ्यावंच लागतं. इस्ट्रोजेन त्वचेवरच्या पॅच किंवा जेलमधून घेतलं तर रक्ताच्या गुठळ्यांचा धोका गोळीपेक्षा कमी असतो. स्तनाचा कॅन्सर, आधी झालेली गुठळी, पक्षाघात किंवा हार्ट अॅटॅक, यकृताचा चालू आजार यांत हा मार्ग सहसा टाळतात. आणि कारण न कळलेला रक्तस्राव असतानाही सुरू करत नाहीत, म्हणून पुन्हा तेच, आधी तपासणी. हार्मोन नको असतील तर काही नैराश्यावरची औषधं अल्प मात्रेत, गॅबापेंटिन, २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं फेझोलिनेटंट (यकृताच्या तपासण्या करत) आणि कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी समुपदेशनाची पद्धत) हे पर्याय आहेत. यातलं काहीही ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस घटवायला घ्यायचं नाही, झोप आणि दिवस परत मिळवायला घ्यायचं.

प्रखर कण आणि त्यांना आवरणारी यंत्रणा यांचा तो तोल सांभाळायला खरंच काय करता येतं, असं विचाराल तर उत्तर जुनंच आहे, पण पुराव्याचं आहे. तंबाखू कुठल्याही रूपात असेल तर बंद. सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यात हे प्रखर कण भरपूर असतात आणि धूम्रपानाने पाळीही एक-दोन वर्षं लवकर जाते. घरात दुसरं कुणी ओढत असेल तर त्यांनाही बाहेर जायला सांगा, संकोच नको. रक्तदाब, साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे आकडे माहीत करून घ्या. हे असे आकडे आहेत ज्यांच्यावर उपचार केल्याने आयुष्य वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. भाज्या, फळं, कडधान्यं रोज पोटात जाऊ द्या, त्यातून मिळणारं मिश्रण कुठल्याही कॅप्सूलमध्ये भरता आलेलं नाही. लोहाचा साठा भरेपर्यंत व्यायाम बेताने करा, नंतर आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं आणि दोन दिवस वजन उचलण्याचा व्यायाम, हे हळूहळू गाठा.

वजनाचा व्यायाम मी मुद्दाम म्हणतेय, तुमच्या आईमुळे. आई किंवा वडिलांचं खुब्याचं हाड मोडलं असेल तर मुलीचा धोका वाढतो. हाडांची झीज सगळ्यात वेगाने होते ती शेवटच्या पाळीच्या आधीच्या वर्षापासून पुढच्या दोन वर्षांत, म्हणजे तुम्ही त्या टप्प्याच्या तोंडाशी आहात. डॉक्टरांना आईचं वय आणि कशी पडली ते नीट सांगा आणि हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी कधी करायची ते विचारा. जास्त धोका नसलेल्या स्त्रियांना ती पासष्टीला सांगतात, तुमच्यासाठी तेवढं थांबायचं कारण दिसत नाही. व्हिटॅमिन डीचं प्रमाणही बघून घ्या.

आणखी एक, पत्रात नाही पण विचारायला अवघड वाटतं म्हणून सांगते. पाळी अशी अनियमित असताना दिवस राहू शकतात. पन्नाशीच्या आत पाळी बंद झाली तर दोन वर्षं, पन्नाशीनंतर झाली तर एक वर्ष गर्भनिरोधक चालू ठेवतात. आणि सलग बारा महिने पाळी न येता पुढे कधीही, एक डाग जरी दिसला, तरी तो पाळी समजू नका, दाखवा.

डॉक्टरांकडे जाताना गेल्या सहा महिन्यांच्या पाळीच्या तारखा, किती दिवस, किती पॅड, हे कागदावर लिहून न्या. बायोटिन शेवटचं कधी घेतलं तेही लिहा. हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि सोनोग्राफीचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिहा, लाटांसाठी कोणता उपचार तुम्हाला जमेल ते तेव्हा ठरवू.